एक डॉलरची बोट

रविवारी सकाळी साडेआठ वाजता (हो, रविवारी!) आमच्या फॅमिली ग्रुपवर दादाचा मेसेज पडला. 'बाइक भंगारात देतोय. संध्याकाळी माणूस येणार आहे. कुणाला काही प्रॉब्लेम?'

आईनं अंगठा टाकला. वहिनीनं दोन अंगठे टाकले. पार्किंगची जागा मोकळी होणार म्हटल्यावर ती आणखी चार टाकायला तयार होती. बाबा काहीच बोलले नाहीत. आणि मी, डोळे पुरते उघडलेही नसताना, टाइप केलं : 'थांब.'

आता ही बाइक साधीसुधी नाही. २०१६ मध्ये बजाजनं 'व्ही' नावाची मोटारसायकल काढली होती, आठवतंय? आयएनएस विक्रांत तोडल्यावर निघालेलं पोलाद तिच्यात वापरलं होतं. दादाला नुकतीच नोकरी लागली होती. त्यानं पहिल्या लॉटमधली गाडी बुक केली. पेढे वाटले. सोसायटीतले काका लोक खाली येऊन टाकीवर हात फिरवून जायचे. बाबांनी तर गाडीला हार घालताना टाकीला चक्क नमस्कार केला होता.

मग दादाचं लग्न झालं, कार आली आणि बाइक गेली पार्किंगच्या कोपऱ्यात, बरोब्बर गळक्या पाइपाखाली. चार पावसाळे. गाडीची काहीच चूक नाही, चूक सगळी दादाची. आता चेन लाल, सायलेन्सर लाल.

आणि तो लाल रंग बघितला की मला हटकून एक बोट आठवते. तिचाही रंग लालच. पण गंजाचा नाही, रंगाचा. दादाला 'थांब' का म्हटलं, हे सांगायचं तर तुम्हाला थेट बॉस्टनला घेऊन जावं लागेल. चला.

२०१९ चा उन्हाळा. मास कॉमची डिग्री हातात, नोकरी नाही, आणि बॉस्टनमध्ये राहणारी मावसबहीण म्हणतेय, 'ये गं, तिकिटाचं बघू.' मी गेले. हार्वर्ड झालं, टी पार्टी झाली, आउटलेट मॉल तर दोनदा झाला. शेवटच्या शनिवारी ताईला ऑफिसचं काम निघालं आणि मला पहिल्यांदाच एकटीला शहर मिळालं. ब्लू लाइन पकडली, मॅव्हरिक स्टेशनला उतरले आणि ईस्ट बॉस्टनच्या धक्क्याकडे चालत सुटले. समोर खाडीपलीकडे शहराच्या चकचकीत बिल्डिंगा. अलीकडे बोटी दुरुस्त करायचं जुनं यार्ड. आणि धक्क्याला लागलेली ती. भडक लाल. अंगावर माणसापेक्षा उंच पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द : नॅन्टकेट.

मला वाटलं, नाव असणार बोटीचं. तर नाही! तो तिचा पत्ता होता.

म्हणजे बघा, दीपगृह आपल्याला माहीत असतं. खडक असतो, त्यावर मनोरा, वर दिवा. पण जिथं खडकच नाही, नुसती सरकती वाळू किंवा खोल पाणी आहे, आणि तरी जहाजांना 'सांभाळून' म्हणून सांगायचंच आहे, तिथं काय करणार? तिथं चक्क एक बोट नेऊन नांगरायची आणि तिच्या डोलकाठीवर दिवा लावायचा. ही लाइटशिप. आपल्या भाषेत दीपनौका. पहिली उभी राहिली १७३० च्या दशकात, लंडनच्या थेम्स नदीच्या मुखाशी. आपल्याकडे कोलकात्याला जाणाऱ्या जहाजांसाठी हुगळीच्या मुखाशीही अशा दीपनौका असायच्या. अमेरिकेनं १८२० ते १९५२ या काळात १७९ लाइटशिप बांधल्या. त्यातल्या आज जेमतेम डझन-दीड डझन उरल्यात.

अंगावर लिहायचं ते ठिकाणाचं नाव. लांबून येणाऱ्या कप्तानाला कळलं पाहिजे, आपण कुठे आहोत. बोट बदलली की नाव पुसून नवं रंगवायचं. थोडक्यात, व्हिजिटिंग कार्डावर तुमचं नावच नाही, फक्त डेस्क नंबर!

आणि काम काय? तर हलायचं नाही. बस्स. वादळ आलं की बाकीची जहाजं बंदराकडे पळतात. हिनं तिथंच उभं राहायचं, कारण वादळातच तर तिची गरज. प्रमोशन नाही, ट्रान्स्फर नाही, 'लोकेशन : समुद्र'.

त्यातही नॅन्टकेटचं पोस्टिंग म्हणजे पनिशमेंट पोस्टिंगच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ नॅन्टकेट नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिणेला समुद्राखाली उथळ वाळूचे पट्टे आहेत, जहाजांचे काळच. तिथं १८५४ पासून लाइटशिप उभी राहू लागली. पुढे ही जागा आणखी बाहेर सरकत गेली, बेटापासून सुमारे ८० किलोमीटर. अमेरिकेतली सगळ्यांत एकाकी लाइटशिप. युरोपातून न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजांवरच्या हजारो स्थलांतरितांना अमेरिकेची पहिली खूण दिसायची ती हीच. स्वातंत्र्यदेवता नंतर, आधी ही लाल बोट.

कंटाळा किती असेल! एकोणिसाव्या शतकातले खलाशी वेळ घालवायला वेताच्या टोपल्या विणायचे. त्या 'लाइटशिप बास्केट' आज हस्तकलेच्या बाजारात हजारो डॉलरला जातात. मीटिंगमध्ये वहीच्या कोपऱ्यात फुलं काढणाऱ्यांनो, जपून ठेवा. कुणी सांगावं!

पण कंटाळा ही खरी भीती नव्हतीच. खरी भीती होती धुकं.

१५ मे १९३४. दाट धुकं. नॅन्टकेटवर तेव्हा दुसरी लाइटशिप होती, एलव्ही-११७. तोवर रेडिओ आला होता. लाइटशिपवरून रेडिओ सिग्नल सुटायचा आणि मोठी जहाजं त्या सिग्नलच्या रोखानं सरळ यायची. ऐनवेळी बाजूला वळायचं, एवढंच. त्या सकाळी सिग्नल धरून येत होतं ऑलिंपिक. टायटॅनिकचं सख्खं भावंड. टायटॅनिकएवढंच अवाढव्य. ते वळलंच नाही वेळेत. लाइटशिप चिरडली गेली आणि काही मिनिटांत बुडाली. अकरा जण होते तिच्यावर. चार बोटीबरोबरच गेले. सात जणांना ऑलिंपिकनं पाण्यातून काढलं, त्यातले तीन पुढे वाचले नाहीत. वाचले फक्त चार.

हे वाचल्यावर मी धक्क्यावरच थोडा वेळ उभी राहिले. ज्याला वाट दाखवायची, त्यानंच, तुमचाच दिवा धरून येऊन...

तर माझ्यासमोर उभी होती ती त्या अकरा जणांच्या जागी आलेली बोट. एलव्ही-११२. नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश सरकारनं पैसे भरले, ३ लाख ९५६ डॉलर. १९३६ मध्ये अमेरिकेतल्याच विल्मिंग्टनमध्ये ती बांधून झाली. बांधणाऱ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट असावी : आता पुन्हा नाही. म्हणून दुहेरी कवच, आणि आत पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणार नाही अशी कप्प्यांची रचना. लांबी जवळपास १४९ फूट. अमेरिकेनं बांधलेली ही सगळ्यांत मोठी लाइटशिप. दुसऱ्या महायुद्धात तिला राखाडी रंग फासून मेन राज्यातल्या पोर्टलंड बंदरावर पहाऱ्याला लावलं. युद्ध संपल्यावर पुन्हा लाल रंग, पुन्हा तीच जागा. १९५४ मध्ये एडना चक्रीवादळानं तिला बेदम झोडपलं. ती टिकली. १९७५ पर्यंत तिनं नोकरी केली.

मग काय झालं? तेच, जे तुमच्या-माझ्या ऑफिसात होतंय. ऑटोमेशन. लाइटशिप गेल्या आणि त्यांच्या जागी मोठाले स्वयंचलित तरंगते दिवे आले. त्यांना पगार नको, जेवण नको, धुक्यात भीती वाटत नाही. नॅन्टकेटचं स्टेशन १९८३ मध्ये बंद झालं. १९८५ मध्ये अमेरिकेची शेवटची लाइटशिप निवृत्त झाली.

निवृत्त बोटीचं काय करायचं असतं? काहींची कहाणी तर एकदम आपल्या पेज थ्रीला शोभेल अशी. 'फ्राइंग पॅन' नावाची १९२९ ची लाइटशिप धक्क्याला बांधलेली असताना बुडाली, तीन वर्षं पाण्याखाली राहिली, कुणीतरी तिला वर काढली आणि पुढे ती न्यूयॉर्कमध्ये बार म्हणून फेमस झाली! नॅन्टकेटवर नंतर उभी राहिलेली आणखी एक लाइटशिप २००० मध्ये चक्क ईबेवर विकली गेली. तिची पुढे आलिशान यॉट झाली. काहींना वाटेल, शी, हे काय जतन? मला नाही तसं वाटत. बीअर विकून का होईना, बोट तरंगती राहिली ना? तिला भाडं सुटत होतं ना?

पण एलव्ही-११२ ना बार झाली, ना यॉट. तिला म्युझियम व्हायचं होतं. आणि म्युझियम होणं हे सगळ्यांत महागाचं स्वप्न असतं. निवृत्तीनंतर ती कित्येक वर्षं या बंदरातून त्या बंदरात, या संस्थेकडून त्या संस्थेकडे फिरत राहिली. १९८९ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. सर्वोच्च मान. पण सर्टिफिकेटनं गंज थांबत नाही. न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे नावाच्या खाडीत ती नुसती पडून होती. शेवटी २००९ मध्ये एका ना-नफा संस्थेनं ती विकत घेतली. किंमत, एक डॉलर. मे २०१० मध्ये टगनं ओढत तिला बॉस्टनला आणलं.

एक डॉलर! मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले. तेव्हा साधारण सत्तर. ताईनं सकाळी पाजलेली कॉफी याच्या चौपट महाग होती.

पण मंडळी, गंमत इथंच आहे. बोट एक डॉलरला मिळते, कारण त्या किमतीलाही ती कुणाला नको असते. खरी किंमत दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. धक्क्याचं भाडं. विमा. पाणी उपसणारे पंप. खाऱ्या पाण्यात लोखंड म्हणजे चोवीस तास चालणारं मीटर. तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, म्हणजे समुद्र आधी जस्त खातो आणि पोलादाला थोडा श्वास मिळतो. ते संपले की बदलायचे. दर काही वर्षांनी अख्खी बोट ड्रायडॉकला न्यायची, तळ खरवडायचा, पत्रा किती जाड उरलाय ते अल्ट्रासाउंडनं मोजायचं. हो, सोनोग्राफीच. पत्रा पातळ झाला असेल तर नवा जोडायचा. मग रंग. मग पुन्हा पहिल्यापासून.

आणि हे सगळं करायला असतं कोण? मी तिकीट काढून वर गेले तेव्हा पाहिलं. डेकच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसून एक आजोबा रेलिंगचा गंज खरवडत होते. व्हॉलंटियर. सत्तरी तरी नक्की पार. मी पत्रकारितेचा ताजा ताजा माज असल्यानं विचारलं, हे काम कधी संपणार? ते हसले. म्हणाले, संपत नसतं. या टोकाचं होईतो त्या टोकाला गंज लागलेला असतो.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, शेजारचा तारेचा ब्रश उचलला आणि माझ्या हातात दिला.

मी, जिनं घरी आयुष्यात कधी कढईसुद्धा धड घासली नव्हती, ती अमेरिकेत जाऊन अर्धा तास लोखंड घासत बसले. फुकट! आईला सांगितलं असतं तर तिनं फोनच ठेवला असता. बोटं दुखली, नखांत लाल भुकटी गेली आणि जेमतेम वीतभर रेलिंग स्वच्छ झालं. पण ती वीत माझी झाली. आजही झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन, कुठल्या बाजूची, कितवी.

घरी येऊन गूगल केलं तर असे आजोबा फक्त बॉस्टनमध्येच नाहीत. डेलावेअर राज्यातल्या लुइस गावात 'ओव्हरफॉल्स' नावाची लाइटशिप आहे, १९३८ ची. १९७३ मध्ये ती गावातल्या इतिहास मंडळाला भेट मिळाली. मंडळानं नव्या नावासकट ती धक्क्याला लावली आणि हळूहळू चिखलात ती अशी रुतली की हलेचना. मोडीतच निघायची. पण गावातल्या निवृत्त लोकांनी टोळी जमवली. नाव ठेवलं 'डर्टी हॅण्ड्स गँग'. त्यांनी गंज काढला, रंग दिला, पैसे जमवले, २००८ मध्ये बोट चिखलातून बाहेर काढून ड्रायडॉकला नेली. २०११ मध्ये तिलाही राष्ट्रीय वास्तूचा दर्जा मिळाला. आणि कळस ऐका. ओव्हरफॉल्स नावाच्या जागेवर या बोटीनं एक दिवसही नोकरी केलेली नाही! ती होती दुसऱ्याच तीन स्टेशनांवर, शेवटी बॉस्टनला. ज्या बोटीचा आपल्या किनाऱ्याशी संबंधच नव्हता, तिच्यासाठी लोकांनी हात काळे केले. आपलेपणा आधी होता म्हणून काम केलं, असं नाही. काम केलं म्हणून आपलेपणा आला.

आता येते आपल्या घरच्या दुखण्याकडे.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. त्याच वर्षी माझा जन्म. त्यामुळे बाबा मला लहानपणी चिडवायचे, 'एक गेली, एक आली.' १९७१ च्या युद्धात हिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावची काय दशा केली, ते मी चिऊकाऊच्या गोष्टीसारखं ऐकलंय. २००१ पासून ती मुंबईत म्युझियम म्हणून होती. पाचवीत असताना नेव्ही वीकमध्ये शाळेनं नेलं होतं. भलामोठा डेक, त्यावर उभी जुनी विमानं, आणि रांगेत 'हात लावू नका' म्हणून ओरडणाऱ्या आमच्या बाई. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणानं ती बंद झाली. सरकार म्हणालं, सांभाळणं परवडत नाही. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना लिलाव झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि वर्ष संपता संपता तोडायला सुरुवात झाली.

मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात. 'सेव्ह विक्रांत'ची ऑनलाइन पिटिशन साइन केली. फेसबुकचा डीपी बदलला. अश्रूंचे तीन इमोजी टाकले. १४० लाइक्स आले. आणि मग? मग बारावीचे क्लासेस होते.

बॉस्टनच्या त्या डेकवर ब्रश हातात असताना मला ते १४० लाइक्स आठवले आणि कानशिलं गरम झाली. पाचवीनंतर मी विक्रांतच्या दारातसुद्धा गेले नव्हते. जिला वाचवा म्हणून ओरडत होते, तिला भेटायलाही नाही.

पण थांबा, सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेणं हीसुद्धा एक फॅशनच आहे. जरा हिशेब करू. नॅन्टकेट १४९ फुटांची, विक्रांत जवळपास ७०० फुटांची. ती खरवडायला आजोबांची टोळी नाही, पलटण लागली असती. आणि दुसरं म्हणजे, गेलो असतो तरी कुणी ब्रश हातात दिला असता का? वर्षाकाठी मोजके दिवस ती लोकांना बघायला मिळायची. 'हात लावू नका' हाच आपल्या म्युझियमांचा राष्ट्रीय मंत्र. ज्याला कधी हात लावला नाही, त्याच्यासाठी कोण आणि का म्हणून खिशात हात घालेल? त्यांनी आपल्याला आत घेतलं नाही आणि आपणही कधी दार वाजवलं नाही. मधल्या मधे समुद्रानं त्याचं काम केलं.

विराटचं बघा ना. २०१७ मध्ये निवृत्त झाली. २०१८ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं म्युझियम करायला मंजुरी दिली, आकडा ८५२ कोटी. केवढे खूश झालो होतो आम्ही! आमचं आजोळ मालवणकडचं. मामानं तर होम स्टेचं नावही ठरवून टाकलं, 'विराट दर्शन'. सप्टेंबर २०२० मध्ये विराट अलंगला गेली, तोडायला. मामाच्या होम स्टेचं नाव आता 'समुद्र दर्शन' आहे. समुद्र कुठे जात नाही म्हणाला.

मग आपल्याला जमतच नाही का? जमतं की! विशाखापट्टणमला जा. आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ मध्ये म्युझियम म्हणून उघडलीसुद्धा. युक्ती साधी. ती पाण्यात ठेवलीच नाही. ओढून किनाऱ्यावर आणली आणि पक्क्या पायावर बसवली. ना पंप, ना दर काही वर्षांनी ड्रायडॉकची वारी. आणि ठेवली कुठे? भर चौपाटीवर, जिथं लोक तसेही भेळ खायला येतात. म्हणजे जपायचं असेल तर दोन गोष्टी लागतात. एक, झेपेल एवढंच घ्या. दोन, लोकांच्या पायाखालच्या वाटेवर ठेवा. बाकी देशप्रेम, वारसा, अस्मिता ही सगळी भाषणं. गंज भाषणं ऐकत नाही.

आणि एक तिसरी गोष्ट, मी त्या रेलिंगपाशी शिकलेली. बोट एकदा वाचवून भागत नाही. ती दर शनिवारी वाचवावी लागते. नॅन्टकेट २०१० मध्ये 'वाचली' असं छापून आलं असेल. पण तिला त्या शनिवारी वाचवत होते ते आजोबा. पुढच्या शनिवारी आणखी कुणीतरी. तिचं नोकरीतलं काम तरी दुसरं काय होतं? रोज संध्याकाळी दिवा लावायचा. काल लावला होता, म्हणून आज सुट्टी, असं नाही.

फोर्टमध्ये लायन गेटजवळ विक्रांतच्या पोलादातून केलेलं छोटं स्मारक आहे, २०१६ मध्ये उभारलेलं. त्या बाजूला ऑफिस असेल तर तुम्ही शंभरदा त्याच्यासमोरून गेला असाल, मोबाइलमध्ये बघत. मीही गेलेय. पुढच्या वेळी एक मिनिट थांबा. आणि बाकीची विक्रांत? ती अशी देशभर विखुरलीय. टाक्यांमध्ये, पार्किंगमध्ये, गळक्या पाइपांखाली.

...तर, 'थांब' असं मी ग्रुपवर लिहिलं, तिथं परत येऊ. दादाचा लगेच फोन. 'अगं, सेंटी होऊ नकोस. चालत नाही ती. सांभाळायची कुणी?' मी म्हटलं, 'अरे, आजचा दिवस मी सांभाळते. पुढच्या रविवारी तू.' तो म्हणाला, 'आणि त्याच्या पुढच्या?' मला उत्तर सुचलं नाही. बॉस्टनच्या आजोबांनाही सुचलं नसतं. म्हणून खाली गेले. वॉचमन काकांकडून तारेचा ब्रश आणला, रॉकेल मिळेना म्हणून घरातलं खोबरेल आणलं (हसू नका), आणि चेनपासून सुरुवात केली.

अकराच्या सुमारास दादा खाली आला. दहा मिनिटं खिशात हात घालून उभा राहिला, मग म्हणाला, 'असं नाही घासत, आण इकडे.' साडेबाराला बाबा आले. घरचे कपडे, हातात जुना बनियन फाडून केलेली फडकी. ग्रुपवर न बोललेला माणूस काही न बोलता टाकी पुसायला बसला. टाकीवर गंज फारसा नव्हताच. तरी ते तीच पुसत होते. हळूहळू, गोल गोल.

संध्याकाळी भंगारवाला आला तेव्हा आम्ही तिघंही काळेकुट्ट. दादानं त्याला चहा पाजला आणि जुनी रद्दी देऊन वाटेला लावला.

गाडी अजून सुरू झालेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. मेकॅनिक म्हणाला, खर्च आहे. दादा म्हणाला, बघू. वहिनी माझ्याशी बोलत नाहीये, पार्किंगमुळे. पण पाइपाखालून काढून ती आता आम्ही जिन्याजवळ ठेवलीय, जाता-येता दिसेल अशी. सोसायटीतली पोरं येऊन हात लावतात.

लावू दे.